गाठीतला रंग

"तुमचा देश कोणता?" मास्तराने विचारलं.

मी अंगणात बसून माडाची चुडतं विणत होते. हात न थांबवता म्हटलं, "आमी देशावरची नाय, मास्तरानू. देशावरचे तुमी. आमी कोकणातली."

मास्तराला काही कळेना. जगताप त्याचं नाव, कऱ्हाडकडचा, घाट उतरून पहिल्यांदाच खाली आलेला. आमच्याकडे घाटावरच्या मुलखाला देश म्हणतात. कांदे देशावरून येतात, बैल देशावरून येतात, शाळेचा मास्तरही देशावरूनच येतो. तो देश आमचा कसा असेल?

"तो देश नव्हे, मावशी."

"मावशी कित्याक? मी तुमच्या आवशीची भयण खंय लागतंय?"

"बरं, केरकरबाई. पाचवा प्रश्न आहे. राष्ट्रीयत्व. म्हणजे तुम्ही भारतीय की पोर्तुगीज?"

तेव्हा मात्र माझी बोटं थांबली.

ही एकसष्ट सालच्या फेब्रुवारीतली, सरकारच्या शिरगणतीच्या वेळची गोष्ट. आमची वाडी तेरेखोल नदीच्या काठावर. अलीकडे आम्ही, पलीकडे गोवा, आणि गोव्यात पोर्तुगीज. नदी एवढीशी की पलीकडे कोणाचं कुत्रं भुंकलं तर आमचं उठून उत्तर देई. पूर्वी सकाळी होडीतून जाऊन दुपारी जेवायला परत यायचं. वाडीतल्या निम्म्या सुना पलीकडच्या. मग पंचावन्न साली वाट बंद झाली, काठावर नाका बसला, आणि नदी होती तेवढीच असून पलीकडचं माणूस परक्या राज्यातलं झालं. शेजारचा भिकाजी चार वार कापड घेऊन येताना सापडला, तर त्याला दोन दिवस नाक्यावर बसवून ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच. जन्म कुठला?

आता तोच प्रश्न मास्तराच्या तोंडून आला. मी त्याच्याकडे नीट बघितलं. खाकी पिशवी, टोकदार पेन्सिल, तोंडावर गरीब गाईचा भाव. असल्याच माणसाला पाठवतात.

"ह्या सगळा कोणाक दाखवतलात?"

"कोणालाही नाही. हे गुप्त असतं. कायदाच आहे तसा."

"गुपित ठेवचा असा तर इचारतास कित्याक?"

त्याने कपाळ पुसलं. "सरकारला मोजायचं असतं. बरं, आडनाव केरकर. म्हणजे मूळचे केरीचे का? केरी तर पलीकडे आहे."

"तुमचा आडनाव जगताप. म्हणून काय जग तापवूक इलात हय?"

मास्तर हसला. मी हसले नाही. माझी सून देवकी खळ्याच्या कडेला कुळीथ पाखडत होती आणि मास्तराची नजर दोनदा तिकडे गेलेली मी पाहिली होती. तिला मी सकाळीच बजावलं होतं, मास्तर आला की तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की 'हांव' बाहेर पडेल. आम्ही 'मी' म्हणतो, पलीकडचे 'हांव' म्हणतात. सात वर्षांत टोमणे मारून मारून मी तिचा 'हांव' घालवला होता. पण दचकली, रडकुंडीला आली, की तो परत यायचा.

देवकी पेडण्याची. चोपन्न साली, वाट उघडी असताना, माझ्या वासूशी लग्न होऊन आली. माणसं गरीब, पण लग्न आम्ही नावाला साजेसं केलं. मुलीच्या आईला मुलाकडून पोटझाकणीचं लुगडं द्यायची आमच्याकडे रीत आहे. मी विहिणीला कुसुंबी लुगडं दिलं, जरीच्या काठाचं. मांडवातल्या बायकांनी हात लावून लावून बघितलं. विहिणीला बोलायला जागाच उरली नाही. वासू मुंबईला गोदीत, वर्षातून एकदा घरी येई. घरात आम्ही दोघी आणि चार वर्षांची नात शालन.

"माझा लिवा," मी म्हटलं, "जन्म संस्थानातलो. सावंतवाडी संस्थान. तेव्हा तुमचा हा भारतीय कोणी ऐकूकपण नव्हता. आता भारतीय लिवा."

"आणि सूनबाईंचा?"

"ती पण हयचीच. मळगावची."

सुपाचा आवाज थांबला. मास्तराने मान वर केली नाही, लिहीत राहिला. मग सूप परत वाजायला लागलं, जरा जोरात.

"एक तारखेनंतर पुन्हा एक फेरी असते," पिशवी उचलत तो म्हणाला. "मधल्या दिवसांत कोणी जन्मलं, कोणी गेलं, तर दुरुस्ती करतो."

तो फाटकाबाहेर गेल्यावर देवकी आली. "मळगाव मी डोळ्यांनी बघूक नाय, आये."

"बघूसारख्या काय असा थय? आंब्याची झाडां असत. कोणी इचारल्यान तर आंबे म्हण."

ती परत सुपाकडे वळली. तिचं न बोलणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त खटकायचं.

संशय मला तिचाही होता, हे आता लपवून काय करू? दर सोमवारी पलीकडच्या काठावर, दोन माडांच्या मध्ये, कोणीतरी एक लुगडं वाळत घाली. एकच. बाकी कपडे नाहीत. आणि दर सोमवारी देवकी आपलं हिरवं लुगडं धुऊन अलीकडे आमच्या माडाला बांधी. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पहिल्या वर्षी पलीकडचं लुगडं लाल होतं. पुढे गुलाबी झालं. मग त्याहून फिकं. माझ्या मनात यायचं, रंग बदलतो म्हणजे निरोप बदलतो. लाल म्हणजे माल आला, गुलाबी म्हणजे थांबा, असं काहीतरी असेल. एकदा नाक्यावरच्या शिपायानेही मला हटकलं होतं.

"केरकरबाई, ते पलीकडचं कापड कोणाला खूण आहे?"

"तुमका," मी म्हटलं. "तुमी बघतास मा रोज टक लावून?"

त्याचं तोंड बंद केलं, पण घरी येऊन देवकीला उभी केली. "काय चल्ला ह्या?"

"काय नाय, आये. लुगडा वाळता."

"सोमवारीच वाळता?"

"सोमवारी आवय उपास करता. अंग धुवन दुसरा नेसता."

आवय म्हणजे तिची आई. एवढंच सांगितलं. आई काठावर येते, मुलगी जिवंत आहे हे हिरव्या लुगड्यावरून बघते, एवढंच असेल हे मला सुचलं नाही असं नाही. पण मग रंग का बदलतो? ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी नुसती पाळत ठेवली.

मास्तर येऊन गेल्यावरच्या सोमवारी पलीकडच्या माडांवर काहीच नव्हतं. देवकीने आपलं हिरवं बांधलं आणि दुपारपर्यंत चार वेळा काठावर जाऊन आली. मी म्हटलं, आज खूण नाही म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी इनास आला. इनास आमच्याच वाडीतला, नदीत जाळी टाकणारा. अलीकडचे, पलीकडचे कोळी नदीच्या मध्यावर भेटत, तंबाखू देत-घेत, आणि नाका बघत बसे. पाण्यावर रेघ कोण मारणार?

"देवकी बाय," तो अंगणातूनच म्हणाला, "तुझ्या आवशीक बरा नाय. हांतरुणार असा. तुझा नाव काडता."

देवकी हातातली कळशी खाली ठेवून माझ्याकडे आली. "आये, मास्तरांकडसून अर्ज लिवन घेतंय. आजारपणाक परवानो गावता म्हणतत. चार दिसांत परत येतंय."

"अर्जात काय लिवतलंस? माहेर खय?"

"पेडण्यात."

"आणि त्याच मास्तरान परवा काय लिवल्यान? मळगाव. दोन कागद बाजूक बाजू ठेवले काय नाको दारात येतलो. तू खोटी, मी खोटी. तुका पल्याड पाठवतले ती कायमची."

"खोटा मी नाय सांगलंय."

"मगे खरा सांगून बघ. चेडू माझ्याकडे ठेव आणि जा."

हे मी बोलायला नको होतं. शालन तेव्हा तिच्या पदराला धरूनच उभी होती. देवकीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कळशी उचलून विहिरीवर गेली.

कागदांची भीती मला होतीच. पण दुसरी एक भीती होती, ती मी बोलून दाखवली नाही. एकदा ती होडीत बसली आणि पलीकडच्यांनी परत सोडली नाही, तर? किंवा तिलाच परत यावंसं वाटलं नाही, तर? सात वर्षांत मी तिला असं काय दिलं होतं की तिने माघारी यावं? असला विचार मनात आला की मी आवाज चढवायची. त्या आठवड्यात फार चढवला. भाकरी जाड झाली म्हणून, शेण पातळ झालं म्हणून. ती प्रत्येकाला "होय, आये" म्हणे. इनासशी ती बोलताना दिसली की मी कामाच्या मिषाने जवळ जाई. मास्तराच्या शाळेच्या वाटेला ती गेली नाही ना, हे मी भिकाजीच्या बायकोला विचारून घेई. वासूला पत्र टाकायचं तर ते लिहिणारा मास्तरच, म्हणून तेही नाही.

पुढच्या सोमवारी लुगडं परत आलं. सकाळीच. आता इतकं फिकं की पांढरं म्हणावं की काय म्हणावं. मला बरं वाटलं. म्हटलं, "बघ. उठली तुझी आवस. उगाच जीव काडीत होतंस."

देवकी हसली. त्या आठवड्यातलं तेवढंच हसणं. तिने हिरवं बांधलं आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

संध्याकाळी पलीकडचं लुगडं काढलं नाही. मंगळवारी सकाळी ते तिथेच होतं, दंवाने जड होऊन खाली लोंबत. देवकी काठावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग पायऱ्या उतरून नेसल्या लुगड्यानिशी नदीत गेली आणि तीनदा बुडाली.

मी वरून ओरडले, "काय करतस गो?"

ती भिजलेली वर आली. "आवय लुगडा दंवात ठेवची नाय, आये. रातचा भायर ठेवची नाय ती."

"कोणी काय सांगूक नाय आणि तू अंघोळ केलंस?"

"सांगतीत आता."

बुधवारी इनास डोक्यावरची टोपी हातात घेऊन आला. सोमवारी पहाटे म्हातारीने सुनेला ते लुगडं बाहेर बांधायला सांगितलं होतं. पोरगीला दिसायला हवं, म्हणाली. दुपारी गेली. मग काढायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवस. देवकी मागच्या पडवीत चटईवर बसून होती. गुरुवारी मास्तर आला, तीच पिशवी, तीच पेन्सिल.

"केरकरबाई, दुरुस्तीची फेरी. मधल्या दिवसांत घरात कोणी जन्मलं?"

"नाय."

"कोणी गेलं?"

"नाय," मी म्हटलं.

"गेली."

देवकी पुढल्या दारात उभी होती. सुतकात पुढे यायचं नाही, तरी आली होती.

"म्हजी आवय गेली. पेडण्यात. हांव थंयची. मळगाव मी बघूक नाय."

मास्तराने कागद चाळले. एक पान काढून वाचलं, परत वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता पिशवी उचलेल आणि सरळ नाक्याच्या वाटेला लागेल. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"बाई, या वाडीत एकोणीस सुना मी लिहिल्या," तो म्हणाला. "पलीकडे जन्मलेली एकही नाही. अकरा जणी मळगावच्या आहेत. काल रात्री मी विचार करत होतो, मळगावात एखादी मुलगी शिल्लक आहे की नाही."

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. वाडीतल्या एका बाईने दुसरीला विचारलंही नव्हतं आणि सगळ्यांनी एकच गाव सांगितलं होतं.

"तुमी आता काय करतलात?" मी विचारलं.

"काय करणार? खोडून पेडणे लिहिणार. तुम्ही सांगाल ते लिहायचं, एवढंच माझं काम. मी दाखला मागितला का कोणाकडे? हा कागद मामलेदाराने मागितला तरी द्यायचा नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की तुम्हाला."

सांगितलं होतं. मी त्यावर टोला मारला होता आणि स्वतःवर खूष झाले होते.

"आणि परवानो?" माझा आवाज मलाच बारीक वाटला. "आजारी आवशीक बघूचो?"

"तो वेगळा अर्ज. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आईच्या आजारपणाला देतात. गेल्या महिन्यात खालच्या वाडीतल्या एकीला लिहून दिला, आठवडाभर राहून परत आली ती." मग त्याच्या लक्षात आलं. त्याने देवकीकडे बघितलं आणि कागद पुढ्यात ओढला.

शालन आतून येऊन आईला चिकटली. सुतक आहे, शिवू नको, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही.

मास्तराने खोडरबर काढला, मळगाव खोडलं, चुरा फुंकून टाकला. पेडणे लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून हळूच विचारलं, "पुढचा रकाना... देश. काय लिहू?"

"खयचोय लिवा, मास्तरानू," देवकी म्हणाली. "माका आता खंय जावचा नाय."

मी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं लावून लावून वाचते. त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिथे आधीचाच शब्द होता, भारतीय, तो त्याने तसाच राहू दिला. पहिल्या दिवशी मी खरं गाव सांगितलं असतं तरी पुढे हाच शब्द लिहून घेता आला असता.

त्यानंतर सोमवारी देवकीने आमच्या माडाला लुगडं बांधलं नाही. 'मी' म्हणणंही तिने सोडलं. वासू मे महिन्यात आला तर त्याच्याशीसुद्धा 'हांव' म्हणूनच बोलली. मी एकदाही टोकलं नाही.

डिसेंबरात गोवा सुटला. नाक्यावरचे लोक गेले आणि पंधरा दिवसांनी इनासच्या होडीतून आम्ही पलीकडे गेलो, मी, देवकी आणि शालन. सहा वर्षांची वाट, पाव घटकेत सरली. काठावरचे ते दोन माड मी जवळून पाहिले. एकाच्या बुंध्याला दोरीने घासून वळ पडला होता.

घरात भाऊ होता, भावजय होती. रडून झालं, चहा झाला. मग भावजयीने आतून एक बोचकं आणलं आणि देवकीच्या मांडीवर सोडलं. "ह्या लुगड्याक ती कोणाक हात लावूंक दिना आसली," म्हणाली. "हांव बांधीन म्हळ्यार नाका म्हणटाली."

देवकीने ते उलगडलं. पांढरट, विरलेलं, उन्हात पाच-सहा वर्षं काढलेलं. एका टोकाला गाठ होती. दर सोमवारी तेच टोक, दोरी अडकवायची तीच गाठ, धुतानाही कधी न सोडलेली. देवकी ती गाठ नखांनी सोडवत बसली. सुटली तेव्हा आतलं कापड वर आलं, वितभर, चुरगळलेलं.

ते कुसुंबी होतं. जरीचा काठ होता.

मी ओळखलं. सावंतवाडीच्या दुकानात उभी राहून मीच ते निवडलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "बाय, ह्यो रंग धुण्याक टिकाचो नाय. पक्को दाखवू?" मी म्हटलं होतं, "मांडवापुरतो टिकलो तरी झाला. विहिणीक काय कळता?" हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणजे लाल, मग गुलाबी, मग फिका, तो सगळा निरोप माझाच होता.

देवकी माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे.

"तुका ठावक होता?" मी विचारलं.

"पयल्याच धुण्याक रंग सुटूक लागलो. आवयन तेव्हाच सांगून धाडलेला, इनासाच्या हाती. पुन तुमचा म्हणून तेच बांधी. म्हणटाली, तुझ्या घरचा असा, तुका लांबसून वळखता येतला."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस? मी इतक्या वेळा इचारलंय."

"तुमी रंगाचा कधी इचारूक नाय, आये. नुसता बघीत रवलात."

परत येताना ते लुगडं तिने माझ्या मांडीवर ठेवलं. द्यायचं म्हणून दिलं, की वल्ह्याला हात लावायला हात मोकळे हवेत म्हणून ठेवलं, कोण जाणे. मी तेही विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी मी ते धुतलं. आमच्या माडाला बांधलं, गाठ त्याच टोकाला मारली. पलीकडे बघायला कोणी नव्हतं. नाका ओस पडला होता, शिपायाचं बाकडंसुद्धा कोणीतरी चुलीला नेलं होतं. देवकी खळ्यावर काम करत होती. तिने एकदा मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "सांजचा आत घेवा, आये. दंव पडता."

सूर्य बुडायच्या आत मी ते काढून घेतलं.